नेटला जोडलेली गाडी: सातारा-सांगलीच्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० पासिंगची, गेल्या सहा-सात वर्षांतली गाडी तुमच्याकडे असेल तर हे पान तुमच्यासाठी आहे. शोरूममध्ये ॲप कसं चालवायचं ते दाखवतात. त्या ॲपमागं काय चालतं हे विचारायला वेळ नसतो, कारण तेवढ्यात पेढ्याचा बॉक्स आणि हार येतो.

माझी गाडी इंटरनेटला जोडलेली आहे हे ओळखायचं कसं?

घरात बसून फोनवर गाडी कुठं उभी आहे ते दिसत असेल, दार लॉक करता येत असेल किंवा एसी चालू करता येत असेल, तर गाडीत स्वतःचं सिम आहे. छतावर किंवा आरशाजवळ अडचणीत मदत बोलावायचं एसओएसचं बटण असेल तर बहुतेक वेळा तीच खूण. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर आल्या तेव्हापासून हे लोण पसरलं. आता ब्लूलिंक, आय-स्मार्ट, किआ कनेक्ट, सुझुकी कनेक्ट, आयरा, ॲड्रेनॉक्स अशी प्रत्येकाची वेगळी नावं आहेत, आतलं काम साधारण एकच. मॉडेल एक असलं तरी वरच्या व्हेरियंटमध्ये ही सोय असते आणि खालच्यात नसते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

नुसतं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर नेट तुमच्या फोनचं असतं. तो प्रकार वेगळा.

ते सिम काढून टाकता येईल का?

नाही म्हटलेलं बरं. ते मोबाईलच्या सिमसारखं ट्रेमध्ये नसतं, डॅशबोर्डमागच्या एका डब्यात बोर्डावरच बसवलेलं असतं. वायरमनकडून वायर तोडून घेतली तर एसओएस जाईल आणि वॉरंटीवरून वाद होईल तो वेगळाच.

गाडी नेमकं काय काय नोंदवते?

ठिकाण, वेळ, वेग, कचकन दाबलेला ब्रेक, सीटबेल्ट लावला की नाही, दार कधी उघडलं, टाकीत किंवा बॅटरीत किती उरलंय, इंजिनानं कोणती तक्रार केली. ब्लूटूथनं फोन जोडताना ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलं की फोनबुक आणि कॉलची यादीही गाडीत उतरते. आवाजावर चालणारी सोय असेल तर तुमचा आवाज, आणि आतल्या बाजूला कॅमेरा असेल तर चेहरा.

मोझिला फाउंडेशननं २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडांची गोपनीयता धोरणं तपासली. एकही ब्रँड पास झाला नाही. ८४ टक्के ब्रँड ही माहिती इतरांना देऊ शकतात आणि ७६ टक्के ती विकूही शकतात, असं त्यांच्याच कागदात लिहिलेलं होतं. ती धोरणं बहुतांशी पाश्चात्त्य ग्राहकांसाठी लिहिलेली होती. आपल्या गाडीचं धोरण भारतातल्या ॲपमध्येच उघडून पाहावं लागतं.

लोक म्हणतात, ‘मी कुठं जातो ते कळलं तर काय बिघडतं? घर, दुकान, मार्केट यार्ड.’ एका दिवसाच्या ठिकाणावरून काही बिघडत नाही. सहा महिन्यांची ठिकाणं एकाखाली एक ठेवली की मात्र माणूस वाचता येतो. तासगावच्या एखाद्या बागायतदाराची गाडी दर मंगळवारी मिरजेत एका कर्करोगाच्या दवाखान्याबाहेर तीन तास उभी राहते. मग महिनाभर रोज कोर्टाजवळ. मग रात्री अकराला दुसऱ्याच गावात. घरात अजून कुणाला न सांगितलेली गोष्ट या नोंदीत आलेली असते, आणि ती तयार करताना त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

ही माहिती जाते कुणाकडे?

आधी कंपनीच्या सर्व्हरवर. तिथून नकाशा, नेटवर्क, कॉल सेंटर पुरवणाऱ्यांकडे. त्यापुढची वाट करारावर अवलंबून.

ती वाट किती लांब जाऊ शकते याचं ढळढळीत उदाहरण अमेरिकेतलं. जनरल मोटर्स आपल्या ग्राहकांच्या गाडी चालवण्याच्या सवयी लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहिती विकणाऱ्या कंपन्यांना देत होती, आणि त्या विमा कंपन्यांना. हप्ता का वाढला म्हणून लोक चौकशीला गेले तेव्हा त्यांच्या प्रत्येक फेरीची यादी त्यांच्या हातात पडली. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हे बाहेर काढलं आणि पुढच्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीवर कारवाई केली.

आपल्याकडे विमा नियामकानं जुलै २०२२ मध्ये ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ आणि ‘जशी चालवाल तसा हप्ता’ अशा जोड-विम्यांना परवानगी दिली. ते आपण होऊन घ्यायचे असतात. गाडी महिन्याला चारशे किलोमीटरच पळत असेल तर पहिला प्रकार परवडू शकतो. दुसऱ्यात मात्र ब्रेक दाबण्याची सवयही मोजली जाते, आणि यवतेश्वरचा घाट रोज उतरणाऱ्याचा ब्रेक सपाटीवरच्या माणसापेक्षा जास्त वेळा दाबला जाणारच. घेण्याआधी घाटरस्त्याचा हिशेब कसा धरतात ते लेखी विचारा.

मोठी कंपनी आहे म्हटल्यावर माहिती सुरक्षितच असेल ना?

टोयोटा मोठीच कंपनी. जपानमधल्या तिच्या साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची ठिकाणं २०१३ ते २०२३ अशी जवळजवळ दहा वर्षं क्लाउडच्या चुकीच्या सेटिंगमुळे उघडी होती. फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा असाच उघडा राहिला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये हे समजलं तेव्हा काही गाड्यांचं ठिकाण दहा सेंटीमीटरपर्यंत अचूक होतं. टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यातली दृश्यं गंमत म्हणून एकमेकांना पाठवल्याची बातमी रॉयटर्सनं दिली. यातल्या एकाही ठिकाणी कुणाला कुलूप फोडावं लागलं नव्हतं.

खंबाटकी घाटात हॅकर माझी गाडी बंद पाडू शकेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर थोडं लांब आहे.

असं होऊ शकतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी घरात बसून सेंट लुईसजवळच्या हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचा वेग काढून घेतला. आत एक पत्रकार बसलेला होता, त्याच्या संमतीनं. शिरकाव झाला गाण्यांच्या स्क्रीनच्या मोबाईल कनेक्शनमधून. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी चीनच्या कीन लॅबनं १९ किलोमीटरवरून टेस्लाचा ब्रेक लावून दाखवला, टेस्लानं दहा दिवसांत दुरुस्ती पाठवली.

मूळ गोम जुनी आहे. गाडीतले छोटे संगणक ज्या तारेवर बोलतात ती कॅन बस बॉशनं १९८६ मध्ये जगापुढं आणली. तेव्हा गाडीला बाहेरचं जगच नव्हतं. त्यामुळे चावडीवर कुणीही उठून हाळी द्यावी आणि गावानं ती पाटलाचीच समजावी, तसा त्या तारेवरचा कारभार: हुकूम कुणी दिला हे कुणी तपासत नाही. नव्या गाड्यांत करमणुकीची स्क्रीन आणि ब्रेक-स्टिअरिंग यांच्यामध्ये गेटवे नावाचा पहारेकरी बसवतात, अपडेटवर डिजिटल सही लागते. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सायबर सुरक्षेचा यूएन आर-१५५ हा नियम लागू आहे. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक तयार झालं आहे.

तर, शक्य आहे का? आहे. तुमच्याच गाडीवर कुणी महिनोन्महिने घालवेल का? तुम्ही कोण आहात त्यावर आहे. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारा ट्रकवाला तुमच्या मागं असेल, तर आधी त्याची काळजी करा.

मग काळजी नक्की कशाची करायची?

ॲपच्या खात्याची. गेल्या काही वर्षांतले मोठे प्रकार पाहिले तर बहुतेकांत गाडीला कुणी हातही लावलेला नाही. वेबसाईटची ढिलाई किंवा कुणाचा तरी पासवर्ड, एवढ्यावर काम झालं.

२०२४ मध्ये सॅम करी हा सुरक्षा संशोधक आणि त्याच्या साथीदारांनी दाखवलं की अमेरिकेतल्या किआ गाडीची फक्त नंबर प्लेट माहीत असली तरी साधारण अर्ध्या मिनिटात दार उघडता येतं, गाडी चालू करता येते. डीलरसाठी असलेल्या पोर्टलमध्ये भोक होतं. कंपनीनं ते बुजवल्यावरच त्यांनी जाहीर केलं. काही महिन्यांतच सुबारूच्या कर्मचाऱ्यांच्या पोर्टलमधून गाडीचा वर्षभराचा प्रवास दिसत असल्याचं त्यांना आढळलं. २०१६ मध्ये निस्सान लीफच्या ॲपला एसी चालू करायला फक्त चेसिस नंबर पुरत होता, आणि तो तर काचेवर लिहिलेला असतो.

त्याहून साधा किस्सा टेक्सासमधला, २०१० चा. हप्त्यावर गाड्या विकणाऱ्या एका डीलरनं थकबाकीदारांची गाडी बंद पाडणारी यंत्रं बसवली होती. कामावरून काढलेल्या एका पोरानं सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून शंभरावर गाड्या बंद पाडल्या, काहींचे हॉर्न रात्री वाजत ठेवले. त्यात हॅकिंग म्हणावं असं काही नव्हतं.

कंपनीचं पोर्टल आपल्या हातात नाही. खात्यात कोण कोण आहे ते मात्र नक्की आपल्या हातात आहे. शोरूममध्ये डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समननं स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून दिलं असेल, ‘नंतर बदलून घ्या सर’ म्हणाला असेल, तर ते नंतर आजच करा.

सेकंड हँड गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली. आता काय राहिलं?

ॲप राहिलं. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले की सरकारदरबारी मालक बदलतो. कंपनीच्या सर्व्हरला त्यातलं काहीच कळत नाही. सांगलीच्या शंभर फुटीवर गाडी पसंत केली, एजंटाला कमिशन दिलं, कर्जाचा बोजा उतरवला, विमा नावावर केला, तरी जुन्या मालकाच्या फोनवर तुमची गाडी विश्रामबागेत उभी दिसतेच आहे. दार उघडायचं बटणही तसंच. माणूस भला असेल, त्याच्या लक्षातही नसेल. पण त्याचा फोन त्याचा पुतण्या वापरत असेल.

ही कल्पना नाही. आयबीएमच्या सुरक्षा पथकाच्या प्रमुखानं २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की कधीच विकून टाकलेली गाडी त्याच्या ॲपमध्ये अजून दिसते, उघडतेही.

सौदा ठरताना, पैसे पूर्ण देण्याआधी, जुन्या मालकाला समोर बसवून त्याच्या ॲपमधून गाडी काढून टाकायला लावा. मग गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट. एवढ्यावर थांबू नका, कारण रीसेटनं गाडीतली आठवण पुसते, सर्व्हरवरचं नातं तुटतंच असं नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला नवी आरसी पाठवून मालकी बदलून घ्या आणि जोडलेले सगळे फोन काढायला सांगा. मधला एजंट ‘आमच्याकडे होऊन जातं’ म्हणाला तर बरं म्हणा, आणि फोन करा. चाव्या दोन्ही मागून घ्या. एकच मिळाली तर दुसरी सर्व्हिस सेंटरमधून रद्द होते.

विकणाऱ्यानं उलट बाजूनं पाहावं. तुमचं फोनबुक, ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता, फोनवर उघडणाऱ्या गेटचा कोड, हे सगळं गाडीबरोबर चाललंय. फास्टॅग बंद करायलाही लोक विसरतात आणि पुढचा मालक आणेवाडीचा टोल तुमच्या खात्यातून भरतो.

घरातलं कुणीतरी ॲपवरून माझ्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं.

हा प्रश्न बहुतेक बाया विचारतात, आणि हळू आवाजात. गाडी तिच्या नावावर, खातं नवऱ्याच्या ईमेलवर. माहेरी गेली, मैत्रिणीकडे थांबली, वकिलाला भेटली की संध्याकाळी घरात त्याच जागेचा विषय निघतो.

आधी ॲपमध्ये मुख्य वापरकर्ता कोण आणि जोडलेले कोण ते पाहा. गाडी तुमच्या नावावर असेल तर हेल्पलाइनवर आरसी दाखवून खातं तुमच्याकडे घेता येतं. पण मारहाणीची भीती असेल तर ॲप एकदम तोडू नका. तोडलेलं समोरच्याला लगेच समजतं. आधी स्क्रीनशॉट घ्या, विश्वासातल्या कुणाला सांगा, सुरक्षित जागी जा, मग तोडा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. सीटखाली, डिकीत किंवा मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या ओबीडीच्या सॉकेटमध्ये वेगळा ट्रॅकर खोचलेला नाही ना, तेही एकदा पाहून घ्या.

ड्रायव्हर ठेवलाय. त्याच्यावर लक्ष ठेवलं तर चालतं का?

गाडी तुमची, ठिकाण पाहायला हरकत नाही. त्याला आधी सांगा, एवढंच. सुट्टीच्या दिवशी त्याला गाडी घरी न्यायला दिली असेल तर त्या दिवसाचं पाहू नका.

बाजारातून स्वस्त जीपीएस बसवलं तर?

ट्रक, टेम्पो, ऊसवाहतुकीच्या गाड्या यांना हे सर्रास बसवतात. कंपनीच्या कनेक्शनपेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते. २०२२ मध्ये मायकोडस या चिनी कंपनीच्या एमव्ही-७२० ट्रॅकरमध्ये संशोधकांना गंभीर दोष सापडले. फॅक्टरीतून आलेल्या पासवर्डनं, म्हणजे १२३४५६ नं, तो उघडत होता आणि इंधन बंद करण्याचा हुकूमही पाठवता येत होता. या कंपनीचे १५ लाख ट्रॅकर जगभर वापरात होते.

भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या वाहनाला एआयएस-१४० या मानकाच्या मान्यतेचंच यंत्र आणि पॅनिक बटण लागतं, तिथं पर्यायच नाही. बाकीच्यांनी पासवर्ड बदला, आणि इंजिन बंद करणारी रिले वायर गरज नसेल तर जोडूच नका.

रिमोट चावीच्या गाड्या चोरीला जातात म्हणे?

जातात, पण त्यात इंटरनेट नसतं. चोर घरातल्या चावीचा सिग्नल दोन यंत्रांनी दारातल्या गाडीपर्यंत वाढवून नेतात. रात्री चावी स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतं का ते तपासा. सगळे डबे सिग्नल अडवत नाहीत. स्टिअरिंगचं जुनं लोखंडी लॉक दिसायला गावठी आहे, चोराला तेच नको असतं.

कोयना, कास, बामणोली भागात एसओएस चालतं का?

रेंज असेल तिथं चालतं. बटणाला कुठलं जादूचं नेटवर्क नाही, ते तुमच्या फोनसारखंच टॉवर शोधतं. कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना किंवा पाटणच्या आतल्या भागात ते लागेलच असं धरून निघू नका. फोन हीच चावी असलेल्या गाड्यांना हे जास्त लागू. कार्ड किंवा खरी चावी खिशात ठेवा, नाहीतर बोट सुटायची वेळ झालेली आणि गाडीचं दार बंद. नोंदी मात्र रेंज नसल्यानं थांबत नाहीत. गाडी त्या साठवून ठेवू शकते आणि साताऱ्यात आल्यावर पाठवू शकते.

सबस्क्रिप्शन संपलं की माहिती जाणं बंद होतं?

ॲप बंद होतं. बाकीचं होतंच असं नाही, धोरणात पाहा. उलटंही घडतं: अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झालं आणि चांगल्या चालत्या गाड्यांच्या कनेक्टेड सोयी कायमच्या गेल्या. गाडी पंधरा वर्षं वापरायची असेल तर या सोयींचे पैसे मोजताना हे लक्षात असू द्या.

पोलीस ही माहिती मागू शकतात का?

हो. तपासात लागणारी कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवता येतात. गाडी चोरीला गेली तर हीच गोष्ट तुमच्या उपयोगी पडते, आधी एफआयआर आणि मग कंपनी. गाडीतलं कनेक्शन बंद केलं तरी फास्टॅगमुळे तासवडे आणि आणेवाडीच्या टोलची वेळ बँकेकडे असतेच.

आपल्याकडे कायदा आहे की नाही?

आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती मागे घेणं, माहिती पाहायला मागणं, दुरुस्त करणं, पुसायला सांगणं हे हक्क त्यात आहेत. दंड जास्तीत जास्त २५० कोटींपर्यंत. तोवरही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करायला कुणी अडवलेलं नाही. ईमेल मराठीत केला तरी चालतो, उत्तर मात्र इंग्रजीत येईल अशी तयारी ठेवा.

ट्रॅक्टरलाही हे लागू होतं का?

नेटला जोडलेला असेल तर होतं. २०२२ मध्ये युक्रेनच्या मेलिटोपोलमधून रशियन सैन्यानं जॉन डिअरची यंत्रं उचलून नेली, पण ती दुरून बंद केली गेली आणि चोरांना चालवता आली नाहीत. ऐकायला मस्त वाटतं. फक्त बंद करण्याचं बटण शेतकऱ्याच्या हातात नव्हतं, हे वाळव्यातल्या हप्त्यावर ट्रॅक्टर घेणाऱ्यानं ध्यानात घ्यावं, आणि हप्ता थकला तर असा हक्क कुणाला दिलाय ते करारात वाचावं.

फोनच हरवला, त्यात गाडीचं ॲप होतं. आता?

दुसऱ्या फोनवरून ॲपचा पासवर्ड बदला आणि ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ दाबा. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर आधी ईमेलचा. जमत नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला आरसीवरचा चेसिस नंबर सांगून ॲपचा संबंध तोडायला लावा. मग सिम बंद करा, पोलिसांत तक्रार नोंदवा आणि संचार साथीच्या साईटवरून आयएमईआय ब्लॉक करा. फोनबरोबर पैसेही गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. आरसीचा फोटो हरवलेल्या फोनमध्येच होता असं बऱ्याचदा होतं, म्हणून चेसिस नंबर घरात कागदावर लिहून ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नको.